मोटार की पिकअप? शेतमाल वाहतुकीचा एक हिशेब

शेतकरी कुटुंबाच्या हाती चार पैसे शिल्लक पडले, किंवा बँकेने कर्ज देण्याची तयारी दाखविली, की घरात चारचाकी वाहनाचा विचार सुरू होतो. अशा वेळी एकाच घरातून दोन मागण्या पुढे येतात. शेताला मालवाहू पिकअप हवी असते. घराला छोटी मोटार हवी असते. आजाऱ्याला दवाखान्यात न्यावयाचे, मुलांना परीक्षेस पोहोचवावयाचे, लग्नकार्यास जावयाचे, ही कामे पिकअपने नीट होत नाहीत. उलट टोमॅटो, भाजीपाला, खत, पेंड ही ओझी मोटारीच्या गाद्यांवर शोभत नाहीत. मात्र थैली एकच असल्यामुळे दोन्ही वाहने घेणे बहुतेकांना शक्य नसते. मग कोणीतरी तोड सुचवितो की, छोटी मोटार घ्यावी, मागची बैठक पाडावी आणि तिच्यातूनच माल न्यावा. म्हणजे एका खर्चात दोन्ही कामे साधतील.

ही तोड कितपत खरी आहे, हे ह्या लेखात पाहावयाचे आहे. प्रश्न वाटतो तितका लहान नाही. वाहनाची निवड चुकली तर पाच-सात वर्षांचे हप्ते अंगावर पडतात. आणि वाहन आपल्या ताकदीपलीकडे राबविले गेले तर एखाद्या घाटात घरच्या माणसांच्या जिवावर बेतते. म्हणून ऐकीव मतावर न जाता वजन, अंतर, वेळ आणि पैसा ह्यांचा हिशेब मांडून उत्तर काढणे श्रेयस्कर होय.

हा प्रश्न इतरांनाही पडला होता

मोटार आणि मालगाडी ही दोन्ही कामे एकाच वाहनाने व्हावीत, ही इच्छा जुनी आहे. फ्रान्समध्ये १९३० नंतरच्या दशकात सित्रोएन कारखान्याचे प्रमुख पिएर बुलांजे ह्यांनी आपल्या अभियंत्यांपुढे खेड्यातील शेतकऱ्यासाठी एक स्वस्त मोटार तयार करण्याचे काम ठेवले. तीत दोन शेतकरी व ५० किलो बटाटे बसावेत, आणि नांगरलेल्या शेतातून जाताना टोपलीतील अंडी फुटू नयेत, अशी त्यांची अपेक्षा होती. मध्ये महायुद्ध आले. अखेर १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ‘टू सी. व्ही.’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेली ही मोटार लोकांपुढे आली. खेड्यापाड्यांतून ती अतिशय लोकप्रिय झाली.

ह्या कथेत आपण ध्यानात घ्यावयाची गोष्ट निराळीच आहे. खास शेतकऱ्यासाठी आखलेल्या त्या मोटारीतही मालाची अपेक्षा ५० किलोंची होती, पाचशे किलोंची नव्हती. अधिक माल न्यावयाचा असेल त्यांच्यासाठी त्याच कारखान्याने १९५१ मध्ये बंद पेटीची वेगळी मालवाहू गाडी काढली. ती २५० किलो माल नेई. म्हणजे मोटारीने मालगाडीची जागा घ्यावी, असे तिच्या निर्मात्यांनीही मानले नाही.

ऑस्ट्रेलियात हाच प्रश्न एका शेतकरी स्त्रीने उपस्थित केला. रविवारी कुटुंबाला चर्चला जाता यावे आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता यावीत, असे एकच वाहन आम्हांला द्या, असे पत्र तिने १९३२ च्या सुमारास फोर्ड कंपनीला पाठविल्याचे सांगतात. कंपनीच्या जीलाँग येथील कारखान्यातील तरुण आरेखक ल्यू बँट ह्यांनी पुढे मोटारीची बैठक आणि मागे मालाचा हौदा असलेले वाहन आखले, व ते १९३४ मध्ये बाजारात आले. येथेही मोटार आहे तशी ठेवून चालले नाही. मालाच्या बाजूची बांधणी बदलावीच लागली.

मोटार किती वजन पेलते?

वाहन किती माल नेऊ शकते हे त्याच्या आकारावरून वा इंजिनाच्या आवाजावरून ठरत नाही. त्यासाठी दोन आकडे पाहावे लागतात. एक, रिकाम्या गाडीचे वजन. आणि दुसरा, माणसे व मालासह गाडीचे जास्तीत जास्त अनुज्ञेय वजन. हे आकडे गाडीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की उरते ती गाडीची भारक्षमता. ह्या भारक्षमतेत मालाप्रमाणेच चालकाचे व सोबत्यांचे वजनही धरावयाचे असते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

समजा, एका छोट्या मोटारीचे रिकामे वजन ७६० किलो आणि कमाल अनुज्ञेय वजन १,१६० किलो आहे. तिची भारक्षमता ४०० किलो झाली. चालक व एक सोबती मिळून १४० किलो धरले तर मालासाठी २६० किलो उरतात. चौघे बसले तर १२० किलोच उरतात. मोटार सी. एन. जी. वर चालणारी असेल तर टाकीने डिकीची बरीचशी जागा अगोदरच व्यापलेली असते, आणि टाकीचे वजनही गाडीवर पडते.

आता नेहमीच्या ओझ्यांकडे पाहू. टोमॅटोचा प्लास्टिकचा क्रेट, आत २० किलो माल धरल्यास, क्रेटसह सुमारे २२ किलो भरतो. यूरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोंची झाली आहे, डी. ए. पी. ची ५० किलोंची आहे. सिमेंटचे पोतेही ५० किलोंचे. चाळीस लिटरच्या कॅनमधील दूधच सुमारे ४१ किलो भरते. कॅनचे वजन निराळे. दोनशे लिटरच्या पिंपात पाणी भरले की २०० किलो झाले. वीट साधारण ३ किलोंची धरली तर शंभर विटा म्हणजे ३०० किलो.

वरील मोटारीत चालक व सोबती बसल्यावर ११ क्रेट, किंवा यूरियाच्या ५ गोण्या, किंवा पाण्याचे एक पिंप एवढाच भार नेता येतो, हे ह्यावरून दिसून येईल. शंभर विटा तिच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. ह्याच्या तुलनेत २००५ मध्ये बाजारात आलेला टाटा एस, ज्याला आपल्याकडे ‘छोटा हत्ती’ म्हणतात, सुमारे पाऊण टनाचा माल डोळ्यांपुढे ठेवून बांधलेला आहे. मोठ्या पिकअप गाड्या एक टनाहून अधिक, काही तर दीड टनाच्या पुढे माल नेतात.

वजनाप्रमाणेच आकारही पाहिला पाहिजे. पी. व्ही. सी. चे नळ बहुधा ६ मीटर लांबीचे येतात; ते छोट्या मोटारीत मावत नाहीत. हिरवा चारा, कोथिंबीर व मेथीच्या जुड्या, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी ही वजनाने बेताची, परंतु जागा फार व्यापणारी. अशा मालाने मोटार वजनाची मर्यादा येण्यापूर्वीच भरून जाते. मग उरलेला माल छतावर चढविण्याचा मोह होतो. छताची भारक्षमता फार थोडी असते, आणि वर चढविलेल्या वजनाने गाडी वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून तो मोह टाळावा.

भार कोठे पडतो हेही महत्त्वाचे

पिकअपचा मागचा भाग पोलादी पाट्यांवर आणि भक्कम आसावर बसविलेला असतो, कारण तेथेच माल येणार हे गृहीत असते. छोट्या मोटारीची रचना माणसांसाठी केलेली असते. तिचे इंजिन पुढे असते, बहुतेक मोटारींत पुढचीच चाके गाडी ओढतात, आणि मागच्या स्प्रिंगा बसणाऱ्यास धक्का लागू नये म्हणून मऊ ठेवलेल्या असतात.

मोटारीच्या पुढच्या व मागच्या चाकांमध्ये २.४ मीटर अंतर आहे आणि डिकीत मागच्या आसाच्याही अर्धा मीटर मागे १५० किलो माल ठेवला आहे, असे धरा. तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर १५० नव्हे, तर सुमारे १८१ किलो भार वाढतो, आणि पुढच्या चाकांवरील भार ३१ किलोंनी कमी होतो. दिशा देणारी आणि ओढणारी चाकेच अशी हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटते. चिखलाच्या चढावर चाके जागीच फिरतात. रात्री दिव्यांचा झोत वर उचलला जाऊन समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. तेव्हा मोटारीत थोडा माल ठेवावयाचा झाला तरी जड वस्तू डिकीच्या टोकास न ठेवता मागची बैठक पाडून पुढच्या बैठकीच्या पाठीला लागून, तळाशी ठेवावी.

टायरवरही त्याची मर्यादा लिहिलेली असते. टायरच्या बाजूवर मापाच्या शेवटी एक अंक व एक अक्षर असते. अंक ७४ असेल तर तो टायर जास्तीत जास्त ३७५ किलो भार पेलू शकतो. ७३ असेल तर ३६५ किलो. मागचे दोन टायर ७४ अंकाचे असतील तर ते मिळून ७५० किलो पेलतील. रिकाम्या मोटारीचा मागचा भार ३०० किलो धरला, तर मागे ४५० किलो माल टाकताच टायरची मर्यादा संपते. स्प्रिंगांची व आसाची मर्यादा त्याहीपूर्वी गाठली जाते. टायरात हवा कमी असेल तर हा हिशेबही उरत नाही. भार नेण्यापूर्वी, पुस्तिकेत भरल्या गाडीसाठी दिलेला हवेचा दाब ठेवणे अगत्याचे आहे.

माल मोटारीच्या आत, माणसांच्या पाठीशी असतो, ह्याचाही विचार व्हावा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकाएकी आदळून थांबली तर आतील मोकळा क्रेट त्याच वेगाने पुढे येतो. तो वेग सुमारे ३२ फूट उंचीवरून पडलेल्या वस्तूच्या वेगाइतका असतो. बावीस किलोंचा क्रेट तिसऱ्या मजल्यावरून अंगावर पडला तर काय होईल, हे सांगावयास नको. पिकअपमध्ये माल आणि चालक ह्यांच्यामध्ये पोलादी भिंत असते. मोटारीत ती नसते. म्हणून माल दोरीने वा पट्ट्याने आवळून बांधल्याखेरीज मोटार हलवू नये, आणि मालाच्या लगत मुलांना बसवू नये. कीटकनाशके तर माणसे बसलेल्या बंद गाडीतून कधीच नेऊ नयेत.

उतारावरील परीक्षा

पुरंदर तालुक्यातील शेतकऱ्यांना पुण्याच्या बाजारात माल न्यावयाचा असेल तर सासवडहून दिवे घाट उतरावा लागतो. जाताना गाडी भरलेली आणि रस्ता उताराचा. येताना गाडी रिकामी आणि रस्ता चढाचा. अशा मार्गावर इंजिनापेक्षा ब्रेकची परीक्षा अधिक होते.

उतारावर गाडीचे वजनच तिला पुढे ढकलीत असते, आणि ती ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने मुरते. १,१६० किलोंची भरलेली मोटार १०० मीटर उंची उतरली तर, रस्त्याचे व हवेचे घर्षण सोडून, सुमारे साडेतीन लिटर गार पाणी उकळीस आणण्याइतकी उष्णता निर्माण होते. तीच मोटार ३०० किलो जादा लादून उतरविली तर ही उष्णता सव्वाचार लिटर पाण्यापुरती होते. ब्रेकचे भाग मात्र तेवढेच राहतात. ते फार तापले की ब्रेकची पकड कमी होते आणि पायाखालचा पॅडल दाबूनही गाडी आवरत नाही.

तेव्हा घाटासाठी काही नियम कायमचे ध्यानात ठेवावेत. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. त्यामुळे इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सर्व काम ब्रेकवर पडते. ज्या गिअरमध्ये तो घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा. ब्रेकवर सतत पाय ठेवून न राहता, वेग वाढताच तो ठामपणे कमी करून पाय काढावा. वेगाविषयी तर विशेष जपावे. वेग ताशी ५० वरून ७० किलोमीटर केला तर गाडीतील गतीची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, आणि थांबण्यास लागणारे ब्रेकचे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. हे नियम पिकअपलाही लागू आहेत. परंतु छोट्या मोटारीला क्षमतेपलीकडे लादले असता ते पाळूनही भागत नाही.

दोन मालांचे दोन हिशेब

सासवड परिसरातील एका शेताचे उदाहरण घेऊ. बाजार ३० किलोमीटर अंतरावर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ६० किलोमीटर. टोमॅटोच्या तोड्याच्या दिवशी ५० क्रेट निघाले, असे धरू.

छोट्या मोटारीतून एका खेपेस ११ क्रेट जातात. पन्नास क्रेटांना पाच खेपा, म्हणजे ३०० किलोमीटर धाव झाली. लिटरला १८ किलोमीटर धरल्यास जवळजवळ १७ लिटर पेट्रोल लागते. चढविणे, उतरविणे व प्रवास मिळून एका खेपेस तीन तास धरले तर पाच खेपांना पंधरा तास होतात. तोवर लिलाव आटोपतो, आणि शेवटच्या क्रेटांना पडेल तो भाव घ्यावा लागतो. हाच ५० क्रेटांचा, म्हणजे १,१०० किलोंचा माल सव्वा ते दीड टनाची पिकअप एकाच खेपेत नेते. लिटरला १२ किलोमीटर धरले तरी ५ लिटर डिझेलमध्ये काम होते. मोटार इंधन कमी खाते हे प्रतिकिलोमीटर खरे आहे. प्रतिक्विंटल ते खरे नाही. शेतमालाच्या वाहतुकीत हिशेब क्विंटलचा असतो.

आता दुसरे उदाहरण पाहू. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अंजीर हे फळ अतिशय नाजूक, थोडक्या वजनात अधिक मोल असलेले आणि धक्क्याने खराब होणारे. एखाद्या लहान बागेतून दिवसाकाठी ६० ते ८० किलो फळ निघत असेल, तर तेवढ्यासाठी मोठी पिकअप धाडणे म्हणजे मुंगीसाठी मुसळ घेण्यासारखे आहे. शिवाय रिकामी किंवा अर्धवट भरलेली पिकअप ताठ पाट्यांमुळे फार उसळते, आणि फळ चेपते. वजनाने, आकाराने व मालाच्या प्रकृतीने पाहिले तर हा माल मोटारीजोगा आहे. फक्त बंद गाडी उन्हात उभी राहिली तर आत उष्णता साठते. म्हणून पहाटेच निघावे आणि फळावर ऊन येऊ देऊ नये.

ह्या दोन उदाहरणांवरून असे अनुमान निघते की, मोटार पिकअपची जागा घेईल की नाही हे मोटारीवर अवलंबून नसून मालावर अवलंबून आहे. तथापि एवढ्याने प्रश्न सुटत नाही. शरीराने जे जमते ते कायद्याने व विम्याने जमतेच असे नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ‘माल’ ह्या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. मोटारीतून नेलेले प्रवासाचे सामान किंवा व्यक्तिगत चीजवस्तू ह्यांचा त्यात समावेश होत नाही. परंतु मालवाहतुकीसाठी बांधलेले नसलेले वाहनही मालवाहतुकीसाठी वापरले गेले तर त्या वेळेपुरते ते मालवाहू वाहन ठरते, असेही त्याच कायद्यात म्हटले आहे. घरासाठी भाजीची पिशवी किंवा पंपाचा सुटा भाग नेणे वेगळे, आणि दररोज विक्रीचा माल बाजारात पोहोचविणे वेगळे.

विम्याच्या बाबतीत हा भेद अधिक बोचतो. खाजगी मोटारीच्या प्रचलित विमापत्रात वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. भाड्याने वापर, तसेच नमुने व व्यक्तिगत सामान ह्यांखेरीज अन्य मालाची वाहतूक, ह्यांना त्यात संरक्षण नसते. हा मजकूर बारीक अक्षरांत असतो आणि बहुधा वाचला जात नाही. मालाने भरलेल्या खाजगी मोटारीला अपघात झाल्यास भरपाईबद्दल वाद उभा राहू शकतो. आणि नेमक्या त्याच दिवशी कुटुंबाला पैशाची सर्वांत अधिक गरज असते. म्हणून मोटारीतून शेतीचा काही माल नेण्याचा विचार असेल त्यांनी आपले विमापत्र प्रथम वाचावे, आणि कोणता माल किती नेलेला चालेल ह्याचे लेखी उत्तर विमा कंपनीकडून घ्यावे. शेजाऱ्याचा माल भाडे घेऊन खाजगी मोटारीतून नेऊ नये, हे तर उघड आहे.

मालवाहू वाहन घेणे वाटते तितके अवघड नाही. एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनाला ह्या कायद्याच्या कलम ६६ अन्वये परवान्याची, म्हणजे परमिटाची, आवश्यकता नाही. मालवाहू म्हणून नोंदणी, विमा आणि ठराविक मुदतीचे योग्यता प्रमाणपत्र मात्र लागतेच. चालकाच्या लायसन्सविषयीची शंकाही मिटली आहे. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोंपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. तथापि मालवाहू वाहन घेतले म्हणून कितीही लादता येते असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा भाराबद्दल २०,००० रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा दंड सांगितला आहे, आणि जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही वाहनधारकावर पडतो.

छोट्या मोटारीला मागे ट्रेलर जोडावा, अशीही एक कल्पना पुढे येते. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे व त्याची नोंदणी लागते. ज्या मोटारीच्या निर्मात्याने ओढण्याची क्षमता सांगितलेली नाही, तिला गावच्या वर्कशॉपात हुक जोडून ट्रेलर ओढावयास लावणे हे धोक्याला आमंत्रण देण्यासारखे आहे.

पिकअप विकत की भाड्याने?

मोटारीने भागत नाही म्हणून पिकअप विकतच घ्यावी, हेही अनुमान घाईचे ठरेल. पुढील हिशेबातील रकमा केवळ रीत समजावी म्हणून धरल्या आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून तो स्वतः मांडावा.

समजा, पिकअपची किंमत १० लाख रुपये आहे, आणि दहा वर्षांनी तिचे २ लाख येतील. वर्षाची घट ८०,००० रुपये झाली. व्याज सरासरीने ५०,००० रुपये, आणि विमा, कर व देखभालीचा ठरीव खर्च ५०,००० रुपये धरला. एकूण १,८०,००० रुपये वर्षाला खर्च होणारच, मग गाडी धावो अगर अंगणात उभी राहो. शिवाय प्रत्येक खेपेचा इंधन, टायर व चालक ह्यांचा खर्च १,००० रुपये. भाड्याची पिकअप एका खेपेस २,५०० रुपये घेत असेल, तर स्वतःच्या गाडीने प्रत्येक खेपेस १,५०० रुपये वाचतात. १,८०,००० रुपयांना १,५०० ने भागले की १२० येतात. ह्याचा अर्थ असा की, वर्षाला १२० खेपा होत असतील तरच स्वतःची पिकअप भाड्याच्या बरोबरीस येते.

ज्याच्या खेपा वर्षाला ४० आहेत, त्याला स्वतःच्या गाडीचा खर्च २,२०,००० रुपये येईल. भाड्याने तेच काम १,००,००० रुपयांत होईल. उरलेले १,२०,००० रुपये दरवर्षी केवळ मालकीपायी जातात. तेवढ्यात ठिबक सिंचनाचे किंवा कांदाचाळीचे काम पुढे सरकू शकते. उलट ज्याच्या खेपा २०० आहेत त्याला भाड्याचे ५,००,००० रुपये मोजण्यापेक्षा ३,८०,००० रुपयांत आपली गाडी ठेवणे फायद्याचे आहे.

ह्या दोन टोकांच्या मधलाही मार्ग आहे. वस्तीवरील चार-पाच शेतकऱ्यांनी तोड्याचे दिवस जुळवून एकच पिकअप भाड्याने ठरविली तर प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च बराच उतरतो, आणि अंजिरासारखा थोडा माल असणाऱ्यालाही जागा मिळते. शेतकरी गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने मालवाहू गाडी घेतली तर तिला वर्षभर काम देता येते. थोडा परंतु नियमित माल असणाऱ्याने मोटारीऐवजी मालवाहू म्हणून नोंदलेली तीनचाकी, किंवा अर्ध्या ते पाऊण टनाची छोटी गाडी ह्यांचा विचार करावा. जुनी पिकअप घेणाराने मात्र तिचे पाटे, चेसिसचे जोड, ब्रेक आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

निर्णयापूर्वी वर्षाची वही

छोटी मोटार पिकअपची जागा घेऊ शकेल काय, ह्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. बियाणे, अवजारांचे सुटे भाग, मातीपरीक्षणाचे व फळांचे नमुने, घरापुरते धान्य आणि घरची माणसे ह्यांच्या ने-आणीसाठी मोटार पुरेशी आहे. त्यासाठी पिकअप दौडविणे हा अपव्यय होय. विक्रीच्या मालाच्या नियमित वाहतुकीसाठी मोटार ही पिकअपची जागा घेऊ शकत नाही. माल जड असेल तर तिची ताकद अपुरी पडते, आणि माल हलका असला तरी विम्याची अट आडवी येते. म्हणून ज्यांच्या खेपा थोड्या आहेत त्यांनी घरासाठी मोटार घ्यावी व मालासाठी पिकअप भाड्याने आणावी. ज्यांच्या खेपा भरपूर आहेत त्यांनी मालवाहू गाडीलाच अग्रक्रम द्यावा. एका वाहनाकडून दोन्ही कामे ओढून घेण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आणि निर्धोक आहे.

आपण कोणत्या वर्गात मोडतो हे मात्र अंदाजाने ठरवू नये. त्यासाठी एक साधी वही करावी. तीत चार रकाने आखावेत: तारीख, मालाचे वजन, अंतर आणि दिलेले भाडे. बाजार समितीच्या काट्यावरचे वजन आणि भाड्याची पावती ह्यांवरून त्या त्या दिवशीच नोंद करावी. एक वर्ष, म्हणजे खरीप, रब्बी व उन्हाळी हंगाम पुरे होईपर्यंत, ही वही चालवावी. वर्षाअखेर २५० किलोंच्या आतील खेपा किती, त्याहून जड किती, आणि एकूण भाडे किती गेले ह्यांची बेरीज घ्यावी.

वाहनविक्रेत्याच्या दुकानात जाण्यापूर्वी ही बेरीज घरच्या सर्वांपुढे ठेवावी. शेताची मागणी किती खरी आणि घराची किती, हे त्या आकड्यांवरून समजेल. कर्जाच्या कागदावर सही करावयाची ती त्यानंतर.